नाव कमी केले

महाराष्ट्रात पूर्वजांचा शोध हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तोही वडिलांच्या बाजूचा. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर खासरा पाहणी पत्रक, कुळनोंदवही, गाव नमुना 14 हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. पणजोबांचं नाव विचारलं तर आईकडे बघणारी मुलं आज खापरपणजोबांची नोंद कुठल्या वहीत असेल ते सांगतात.

माझे मामा तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. मोडी सरावानं वाचतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि जुनी नियतकालिकं चाळणं हे माझं काम. माझ्या आजोळच्या घराण्याचा शोध आम्ही दोघं घेतो आहोत, पण आमच्या वाटा वेगळ्या आहेत आणि मतं त्याहून वेगळी. गेल्या दिवाळीत त्यावरून आमचं बरंच वाजलं. ते बोलणं इथे देते आहे. गावाचं आणि घराण्याचं नाव मुद्दाम गाळलं आहे. का, ते ओघात येईल.

मामा : तू म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी टिपून घेतेस, ते चांगलंच आहे. पण वंशावळ त्यावर उभी राहत नाही. आपल्याच घरात बघ. थोरल्या घरचे म्हणतात मूळपुरुष जावळीतून आला, मधल्या घरचे म्हणतात वाईहून आला. धाकट्या घरच्यांनी तर त्याला थेट पानिपतावर नेऊन ठेवलाय. कागद असेल तर बोलावं, नसेल तर गप्प बसावं.

मी : आणि कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, ते विचारायचं नाही? सातबारा आपल्या पणतवंडांना आजोबा सापडावेत म्हणून नाही लिहिला कुणी. सारा कुणाकडून वसूल करायचा एवढंच त्यात बघितलंय. ज्याच्याकडून वसूल करण्यासारखं काही नव्हतं, तो त्यात आलाच नाही.

मामा : सातबाऱ्यात नाही तर चौदा नंबरला येतो. कोतवाल बुक म्हणतो आपण. जमीन असो नसो, माणूस जन्मतो आणि मरतो, त्याची नोंद गावात होत होती. मी ऑक्टोबर 1918 चं पान हातात धरलंय. तारीख, नाव, वय, जात, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘ताप’ लिहिलाय. त्याच्या खाली ताप, त्याच्या खाली ताप, पुढच्या दोन्ही पानांवर ताप. शेवटी शेवटी लिहिणाऱ्यानं ताप लिहायचंही सोडलंय, वरच्यासारखंच म्हणून नुसती खूण केलीय. इन्फ्लुएंझानं गाव कसं झोपलं ते तुझ्या कुठल्या आठवणीत आहे? आपल्या घरात तर कुणाला त्या साथीचं नावही माहीत नव्हतं.

इथे मी गप्प बसले. ते पान मी पाहिलेलं आहे, आणि त्या खुणांवरून बोट फिरवताना मामांचा आवाज कसा होतो तेही ऐकलेलं आहे. घरच्या आठवणींत 1896 नंतरचा प्लेग आहे, माळावरच्या झोपड्या आहेत, पण देशभर त्याहून जास्त माणसं नेणारी 1918 ची साथ जवळजवळ पुसली गेलेली आहे. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

मामा : आणि नुसता कागद मिळून भागत नाही, वाचता आला पाहिजे. आजकाल पोरं मोबाइलवर फोटो काढून आणतात आणि म्हणतात, मामा, सालबिल सांगा पटकन. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पेशवाईतला कागद असला तर साल अरबी. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, 1172. हा झाला शुहूर सन. त्यात 599 मिळवले की 1771, आणि इंग्रजी जानेवारी लागला असेल तर 600 मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं. हे माहीत नसलेला माणूस त्याच 1172 मध्ये शकाचे 78 मिळवतो आणि आपलं घराणं यादवांच्या काळात नेऊन बसवतो. तशी छापील वंशावळ मी पाहिलीय, सोनेरी बांधणीची.

मी : म्हणजे कागदही खोटं बोलतो.

मामा : कागद नाही, वाचणारा.

मी : बरं, मग माझ्या कागदांकडे या. वर्तमानपत्रं. ‘दर्पण’ 1832 चं, ‘ज्ञानोदय’ 1842 चं, ‘ज्ञानप्रकाश’ 1849 चं, ‘दीनबंधु’ 1877 चं, ‘केसरी’ 1881 चं. तुमच्या दफ्तरात माणूस फक्त सरकारपुढे उभा असतो. वर्तमानपत्रात तो शेजाऱ्यापुढे उभा असतो.

मामा : पुण्या-मुंबईचा माणूस. आपल्या गावात तेव्हा पेपर येत होता कुठे?

मी : येत नव्हता, पण आपली माणसं त्यात जात होती. 1895 मध्ये रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी फंड उभारला, तेव्हा ‘केसरी’तून लहान लहान रकमा देणाऱ्यांचीही पोच छापून यायची. अशा याद्यांमध्ये नाव असतं, गाव असतं, कधी धंदाही असतो. मॅट्रिकचे निकाल छापून यायचे. जमिनीच्या, वारसाच्या, कर्जाच्या जाहीर नोटिसा असायच्या. ‘दीनबंधु’त सत्यशोधकांच्या सभांची वृत्तं असायची, कोण अध्यक्ष होता, कोण बोललं. ‘ज्ञानोदय’ अहमदनगरच्या मिशनचं, त्यात ख्रिस्ती झालेल्या माणसांची हकिगत यायची, आणि ही माणसं बहुतेकदा अशा जातींतली, ज्यांना तुमच्या दफ्तरात फक्त कामापुरतं स्थान होतं.

मामा : शोधायचं कसं पण? सूची आहे का?

मी : क्वचित. जुना देवनागरी टाइप संगणकाला नीट वाचता येत नाही, म्हणून नाव टाकून शोधायची सोय फारशी भरवशाची नाही. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, केसरीचं स्वतःचं ग्रंथालय, अशा ठिकाणी बसून वर्षाची बांधलेली फाइल पानापानानं उलटावी लागते. कडा हाताला लागल्या की तुटतात. त्यामुळे आधी तारीख हातात हवी. नुसतं ‘आजोबांचं नाव पेपरात आलं होतं’ म्हणून गेलात, तर जन्म जाईल.

मामा : म्हणजे तारखेसाठी पुन्हा माझ्याकडेच यायचं.

मी : आणि तुमच्या तारखेला अर्थ यावा म्हणून माझ्याकडे. तुमच्या वहीत एका घरातल्या तीन माणसांचं मरण एकाच दिवशी लिहिलेलं असतं. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, हे वर्तमानपत्र सांगतं.

मामा : पण त्या सहाशेंची नावं? बोटीच्या तिकिटावर नाव नसतं. पेपरात जी नावं आली ती ज्यांचे नातेवाईक चौकशीला आले त्यांची. ज्याचं सगळं घरच बोटीत होतं, त्याची चौकशी कोण करणार?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांचं हेच मला पटतं, की ते रिकामी जागा रिकामी ठेवतात. पण त्यांची शिस्त कुणाला परवडते, हा प्रश्न उरतोच, आणि तो मी त्यांना विचारला.

मी : मामा, तुमच्या खिडकीशी कैकाडी समाजाची माणसं येत असतील. 1961 पूर्वीचा पुरावा मागायला.

मामा : येत. आणि मी त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलंय. जमीन नाही, एका गावी मुक्काम नाही, शाळेत नाव नाही. जन्मनोंद कुठल्या गावच्या वहीत शोधू? माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम ते.

मी : आणि तरी त्यांचा कागद होता. तो तुमच्याकडे नव्हता, पोलिसांकडे होता. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा, 1911 मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अख्खी कुटुंबं ठेवलेली होती. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. माणसांची एवढी काटेकोर मोजदाद सरकारनं जहागीरदारांचीही केली नाही. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का पुसला गेला. आता त्या घरातल्या मुलीला दाखला हवा असेल, तर ज्या कागदानं आजोबाला जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तोच कागद तिला मागावा लागतो.

मामा : मग मागू नये?

मी : मागावाच. पण तो घेऊन आलेल्या मुलीसमोर ‘कागद असेल तर बोल’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गृहचौकशीला दक्षता पथक जातं तेव्हा बोली, देव, लग्नाच्या रीती विचारतात, ते याचसाठी. आठवणीलाही कायद्यानं थोडी जागा ठेवली आहे. हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं, याची नोंद करून ठेवते.

बायकांवर गाडी आली तेव्हा मात्र आम्ही दोघंही एकाच बाजूला होतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे 28 लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी आपलं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. त्या बहुतेक उत्तरेकडच्या. आपल्याकडे बाई नाव सांगते, पण कुठलं? लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की माहेरची मुलगी कागदावर संपते. वडिलांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आलंच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात यायचं, आणि पुढे हक्कसोडपत्रानं तिथूनही जायचं. शिरगणतीचे घरोघरचे कागद आपल्याकडे जपलेले नाहीत, त्यामुळे इंग्लंडात दर दहा वर्षांनी जसं अख्खं घर एका पानावर दिसतं, तसं इथे दिसत नाही.

मी : म्हणूनच तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा म्हणते मी. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. कोण कधी आलं, बरोबर मातोश्री कोण, बायको कोण, मुलं कोण. श्राद्धात आई, आजी, पणजी, तिघींची नावं लागतात. तलाठ्याला जी नकोत ती भटजीला हवी असतात.

मामा : ज्यांनी भटजी बोलावला त्यांच्या घरची.

मी : हो. तेवढीच.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या आजोळी एक हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मामांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले. ते वारल्याची तार आली, आणि आजीनं अशी हाय खाल्ली की वर्षभरात तीही गेली. मूल दोन-अडीच वर्षांचं. ते म्हणजे मामांचे वडील. त्यांना चुलत्यानं वाढवलं.

आजोबांचं खरं आहे. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमारा इथे त्या वेढल्या गेल्या आणि 29 एप्रिल 1916 ला अन्न संपल्यावर शरण गेल्या. सुमारे 13 हजार जण कैद झाले, आजोबा त्यांतलेच, आणि त्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आलं. गावाच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे. या गावातून किती गेले आणि त्यांतले किती मेले, असे दोन आकडे त्यावर आहेत. नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीनिहाय संख्या होत्या. नावं आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मिळतात, बापाचं नाव आणि गाव-तालुक्यासह. इंग्रजीतली आडनावं चार-चार तऱ्हांनी लिहिलेली आहेत, म्हणून मी आडनाव सोडून गावाच्या नावावरून शोधलं, आणि सापडले. पंजाबची गावनिहाय रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात होती, सुमारे 3 लाख 20 हजार सैनिकांची. 2021 मध्ये त्यांतला काही भाग सर्वांसाठी खुला झाला. तसं काही आपल्या जिल्ह्यांचं हाती लागलं, तर किती घरांतली तार खरी ठरेल!

मी : आजोबा सापडले. आता आजी. त्यांच्या मरणाची नोंद तुमच्या चौदा नंबरला असणारच. 1917, 1918 बघितलंत?

मामा : नाही सापडणार तिथे.

मी : का?

मामा : कारण 1921 मध्ये ती जिवंत होती.

त्यांनी कपाटातून एक कागद काढला. जुन्या फेरफाराची स्वतःच्या हातानं केलेली बाळबोध नक्कल, मोडीवरून उतरवलेली. मजकूर दोन ओळींचा. मयत खातेदाराची विधवा अमुक, अज्ञान मुलाची पालनकर्ती, हिने पाट लावला, सबब तिचे नाव कमी केले. मुलाचा चुलता अमुक याचे नाव अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून दाखल.

मी : हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

मामा : नोकरीला लागलो, त्यानंतर थोड्याच वर्षांत. वडील तेव्हा साठीला आले होते. दर सर्वपित्रीला आईच्या नावानं पाणी सोडायचे. त्यांना काय सांगू? की तुमची आई तेव्हा मेली नव्हती, तुम्हाला इथे ठेवून दुसऱ्या घरी नांदायला गेली? त्यांच्याच्यानं ते झेपलं नसतं.

मी : गेली की पाठवली? 1856 चा विधवाविवाहाचा कायदा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. दुसऱ्या कलमानं तिचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. तिसऱ्या कलमानं नवऱ्याच्या भाऊबंदांना मुलाचा ताबा कोर्टाकडून मागता आला. वीस-बावीस वर्षांची बाई, नवरा कैदेत मेलेला, जमीन दिराच्या नजरेसमोर. मूल नेलं असतं तर जमिनीचा वारसही तिच्याबरोबर गेला असता. तिला मूल नेऊ दिलं असेल असं वाटतं तुम्हाला?

मामा : वाटण्याचा प्रश्न नाही. कागदात तसं नाही.

मी : कागदात ‘टाकून गेली’ असंही नाही. ते तुम्ही घातलंत.

मामा : हो. ते मी घातलं.

मी : आणि सगळ्या जन्मात एकच कागद तुम्ही लपवलात, तो हिचा. घरानं तिला मेलेली ठरवलं, कागदानं तिचं नाव कमी केलं, आणि कागदावर विश्वास ठेवणाऱ्या एकट्या माणसानं नक्कल कपाटात ठेवली.

मामा : लपवला म्हणतेस तर लपवला. पण फाडला नाही. नक्कल करून ठेवली ती कुणासाठी? मला तर मूळच पाठ आहे. वडील गेले, आता तूही विचारायला लागलीस. पण वंशावळीत लिहिणार असशील तर माझी अट आहे. ‘पाट लावला’ एवढंच लिही, फेरफाराचा नंबर शेजारी घाल. दिरानं हाकललं वगैरे लिहायचं नाही. त्याच दिरानं माझ्या बापाला शाळेत घातलं, त्याची जमीन त्याला पुरी मोजून दिली. तेही फेरफारात आहे.

मी : आणि ‘हाय खाऊन गेली’ ती हकिगत?

मामा : तीही लिही. कुणी सांगितली, कुणाकडून ऐकली, ते लिहून. घरानं काय सांगायचं ठरवलं होतं, हेही कळू दे पुढच्यांना.

यावर आमचं एकमत झालं, असं म्हणवत नाही. मला अजून वाटतं, की ज्या बाईच्या बाजूनं एकही ओळ लिहिली गेली नाही, तिच्या बाजूचा तर्क वंशावळीत असला पाहिजे, तर्क म्हणून का होईना. मामा म्हणतात, तर्क वेगळ्या वहीत. सध्या दोन वह्या आहेत.

मी : ती गेली कुठे पण? फेरफारात गाव नाही.

मामा : नसणारच. जमिनीशी संबंध नव्हता त्या गावाचा. आणि नवऱ्याघरी नावही बदललं असेल. सासरकडून शोधशील तर हाती काही लागणार नाही. तिचं माहेर माहीत आहे ना?

मी : तेवढं माहीत आहे. आईला तिच्या आत्यानं सांगितलेलं. पण मामा, सापडलं आणि त्या घरात कुणी असलं, तर त्यांना सांगायचं का? त्यांनाही माहीत नसेल, की आपल्या पणजीचं आधी एक घर होतं.

मामा : माणसांकडे नंतर. आधी माहेरच्या गावची चौदा नंबरची वही काढू. 1921 ते 1930.

मी : मरणाची नोंद माहेरी कशी असेल?

मामा : मरणाची नाही गं, जन्माची. पाट लावला तरी पहिलं बाळंतपण बाई माहेरीच आली असेल. मुलाच्या नोंदीत बापाचं नाव आणि त्याचं गाव लिहावं लागतं. ती पानं मोडीत असतील, मी येतो.